थारला घरच्या घरी चाक दाखवणारा कॅमेरा

भावा, दगडधोंड्यांच्या वाटेवर चाक कुठे पडतंय ते दिसावं म्हणून थारच्या चारही चाकांवर कॅमेरे लावायचं म्हणतोयस, पण चार कॅमेऱ्यांची घाई नको करूस, आधी डाव्या पुढच्या चाकावर एकच लाव, उजवीकडचं मान बाहेर काढून दिसतंच की. बाहेरच्या डाव्या आरशाच्या खाली बसव, टायर आणि पुढची हातभर जमीन दोन्ही फ्रेममध्ये यायला पाहिजेत. बंपरवर लावलास तर पहिल्याच चिखलात लेन्स भरली समज. यासाठी रिव्हर्स कॅमेरा घेणार असशील तर त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे हे उलटं दाखवणं (मिरर सेटिंग) बंद करता येणाराच घे, नाहीतर दगड एकीकडे नि तू स्टेअरिंग भलतीकडे. करंट रिव्हर्स लाइटवरून घेऊ नकोस, पुढे जाताना बंदच राहील ना तो! वेगळा स्विच टाक, 2 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच लाव. वायर पत्र्यातून रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) घालूनच ने, हादऱ्यांनी पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, आणि दाराच्या बिजागरीपाशी थोडी ढिली सोड.