ओनेका ओन्वेनू कोण होत्या? फक्त 'वन लव्ह'वाल्या गायिका का?

नाही, त्या एका गाण्यापुरत्या मुळीच नव्हत्या. जन्म १९५२ चा, आग्नेय नायजेरियातल्या ओबोसीतला. वडील लहानपणीच गेले. अमेरिकेत वेल्स्ली कॉलेजात शिकल्या, १९८० मध्ये परतून सरकारी टीव्हीवर पत्रकारिता करू लागल्या. तेलाचा पैसा देशात कसा उधळला गेला, हे दाखवणारा त्यांचा १९८४ चा माहितीपट आजही बघण्यासारखा आहे.

सुरुवातीची गाणी पॉप, पण पुढे त्यांनी हायलाइफला, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या नृत्यसंगीताला, आणि आग्नेय नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या लोकगीतांना जवळ केलं. 'एक्वे' ऐकाच. एक्वे म्हणजे पोकळ लाकडाचं, काठीने वाजवायचं वाद्य. त्याच ठेक्यावर ते गाणं उभं आहे. 'वन लव्ह' १९८६ चं. नायजेरियन गायक किंग सनी अडे यांच्यासोबतचं 'वेट फॉर मी' तर कुटुंबनियोजनाच्या मोहिमेसाठी होतं, तरी त्यात प्रचाराचा कोरडेपणा जराही नाही! मला ते सगळ्यात जास्त आवडतं.

३० जुलै २०२४ ला लागोसमधल्या एका वाढदिवसाच्या समारंभात त्या गायल्या, आणि थोड्याच वेळात कोसळल्या. त्यातच त्या गेल्या. वय ७२.