‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली हे खरं का? आठ वर्षांच्या मुलीला वाचून दाखवायची, तर कुठून सुरुवात करू?

हो, खरं आहे. साने गुरुजी सत्याग्रहात शिक्षा भोगत होते. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला बसले आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत पुस्तकाचा मोठा भाग कागदावर आला होता. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबांची गीता प्रवचनं होत, ती गुरुजींनीच टिपून घेतली. म्हणजे भराभर लिहायचा हात तयार होता.

प्रत बघून घ्या. गुरुजी १९५० साली गेले. साठ वर्षांनी हक्क मोकळे झाले, त्यामुळे आता बऱ्याच आवृत्त्या मिळतात आणि त्यांत संक्षिप्तही असतात. या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. अनुक्रमणिकेत शेवटची ‘बेचाळिसावी रात्र’ आहे का ते पाहा. नसेल तर घेऊ नका. गोष्ट उरते, पण गुरुजींची भाषा जाते.

पहिल्या पानापासून क्रमाने वाचलंत तर मुलं कंटाळतात. व्रतवैकल्यं, श्लोक, कोकणातले जुने शब्द अंगावर येतात. आधी ‘मुकी फुले’, मग ‘थोर अश्रू’ आणि ‘पत्रावळ’ घ्या. एका रात्री एकच. पत्रावळ कशी लावतात ते चार पानं आणि काड्या घेऊन करून दाखवा, नाहीतर त्या कथेतली श्यामची फजिती तिला कळणारच नाही. शेवटच्या रात्रींत आईचं आजारपण आणि मृत्यू आहे. तो भाग झोपताना वाचू नका, दिवसा, जवळ बसवून वाचा.