टाँग म्हणजे टोळी नव्हे

प्रश्न असा आहे : 'न्यूयॉर्कच्या चायनाटाउनबद्दलच्या मराठी लेखांत "टाँग टोळी" हा शब्द सारखा दिसतो. टाँग म्हणजे चिनी माफिया का? ट्रायड तेच का? मराठीत काय लिहावं?'

'टाँग टोळी' वाचलं की माझं डोकंच फिरतं. टाँग म्हणजे दालन, सभागृह. चिनी भाषेत वर्ग, खानावळ आणि चर्च या सगळ्यांच्या नावांत हाच शब्द आहे. स्वर्ग म्हणजे 'आकाशातलं दालन'. बीजिंगमध्ये 1669 सालापासून चालत आलेल्या 'थोंगरनथांग' या औषधांच्या पेढीच्या नावातलं शेवटचं 'थांग' तेच. म्हणजे शब्दात गुन्हेगारीचा लवलेश नाही.

तो चिकटला अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोत 1850 नंतर चिनी मजुरांचे गावकीचे आणि आडनावांचे संघ उभे राहिले. ज्याचं आडनाव थोडक्या लोकांचं, ज्याच्या गावची माणसं कमी, त्याच्या पाठीशी कोण? टाँग. तिथे कुठल्याही आडनावाचा माणूस शपथ घेऊन आत यायचा. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं, नागरिकत्वही नाकारलं गेलं आणि ते 1943 पर्यंत तसंच राहिलं. कोर्टकचेरी परकी, वस्ती जवळपास सगळी पुरुषांची. जुगार, अफू आणि वेश्याव्यवसाय यांच्या पैशावर काही टाँग गब्बर झाल्या, एकमेकींवर उठल्या आणि वर्तमानपत्रांनी 'टाँग वॉर' हा शब्द रूढ केला.

ट्रायड म्हणजे चिनी गुप्त संघटना, त्या वेगळ्या. ते नाव इंग्रजांनी दिलं, आकाश-पृथ्वी-मानव या त्रिकोणावरून. मूळ संघटना अठराव्या शतकातली, फूज्यान प्रांतातली. अमेरिकेतली 'ची कुंग टाँग' तिची थेट वारसदार. 1904 साली हवाईतल्या होनोलुलूत चिनी क्रांतिकारक नेते सुन यत्-सेन तिचे सभासद झाले ते क्रांतीसाठी माणसं आणि पैसा जमवायला. इतर टाँगांनी तिच्याकडून शपथविधी उचलले, एवढंच.

आता मला ज्यात खरा रस आहे ते सांगतो. आपण 'टाँग' लिहितो ते इंग्रजी स्पेलिंग बघून. दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बोलीत तो उच्चार महाप्राण आहे, म्हणजे 'थाँग'. आपल्याकडे महाप्राणासाठी 'थ' हे वेगळं अक्षर आहे, इंग्रजीत नाही. तरी आपण त्यांचंच लुळं अक्षर उचलतो! त्याहून मोठी गंमत पुढे आहे. अमेरिकेत आधी आलेले बहुतेक चिनी कँटन शहरातले नव्हतेच. ते आले थोइसान आणि आसपासच्या तालुक्यांतून, आणि त्या बोलीत 'थ' चा सरळ 'ह' होतो. ते स्वतःच्या तालुक्यालाही 'होइसान' म्हणतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या मॉट स्ट्रीटवरचा चिनी धोबी या संस्थेला 'हाँग' म्हणत असणार!

पुरावा हवा? टाँगच्या मारेकऱ्यांना 'बू हाऊ डॉय' म्हणत, म्हणजे कुऱ्हाडवाली पोरं. कँटनच्या उच्चारात ते 'फू थाउ जाइ' होईल. 'थाउ' चा 'हाऊ' झाला, 'जाइ' चा 'डॉय' झाला, दोन्ही बदल थोइसानच्या नियमाने. माझं ठाम मत आहे की 'टाँग' हा शब्द इंग्रजीत दुभाषांच्या आणि कागदपत्रांच्या वाटेने शिरला आणि 'बू हाऊ डॉय' गल्लीतून, ऐकून. ध्वनी असा बदलणं आपल्याला नवं नाही. संस्कृत 'सप्त', फारसी 'हफ्त', त्यातून आठवड्याचा 'हफ्ता' आणि त्यातून आपल्याकडे गुंड दुकानदाराकडून गोळा करतात तो हप्ता.

एका भाषासदरात मी वाचलं की टाँग हा शब्द थांग राजवंशावरून आला, कारण चायनाटाउनला चिनी लोक 'थाँग माणसांची गल्ली' म्हणतात. हे साफ चूक आहे. गल्लीच्या नावातला 'थाँग' राजवंशाचाच, मान्य. पण तो आणि दालनाचा 'थाँग' ही दोन वेगळी अक्षरं आहेत, उच्चार तेवढा एक. लिहिलेली अक्षरं शेजारी ठेवून पाहिली असती तर सदरकारांनी हे छापलंच नसतं.

नावांचे अर्थही बघायला हवेत. न्यूयॉर्कच्या मॉट स्ट्रीटवर 'ऑन लिऑंग', पेल स्ट्रीटवर 'हिप सिंग', या तिथल्या दोन टाँग. 'ऑन लिऑंग' म्हणजे सज्जनांना शांतता. चिनीत 'दुष्टांचा नाश, सज्जनांना शांतता' असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, हे नाव म्हणजे त्याचा उत्तरार्ध. महाराष्ट्र पोलिसांचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' जवळपास तेच सांगतं! पुढे बदनामीमुळे दोन्ही संस्थांनी आपल्या इंग्रजी नावातून 'टाँग' काढून टाकलं.

'टोळी' हा शब्द राखून ठेवा 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर वाढलेल्या पोरांच्या टोळ्यांसाठी. मॉट स्ट्रीटवर ऑन लिऑंगच्या आश्रयाने 'घोस्ट शॅडोज', पेल स्ट्रीटवर हिप सिंगच्या आश्रयाने 'फ्लाइंग ड्रॅगन्स'. सॅन फ्रान्सिस्कोत 'जो बॉइज'नी सप्टेंबर 1977 मध्ये 'वा चिंग' या प्रतिस्पर्धी टोळीवर सूड उगवायला गोल्डन ड्रॅगन हॉटेलात गोळीबार केला. 5 माणसं मेली, 11 जखमी झाली, आणि त्यांतलं एकही कुठल्या टोळीचं नव्हतं. या पोरांना 'टाँग' म्हणणं म्हणजे आश्रयदाता आणि आश्रित यांना एकाच नावाने हाक मारणं.

मराठीत 'मंडळ' लिहा. उच्चारच हवा असेल तर 'थाँग' लिहा, 'ट' नको.