क्रोएशियातल्या स्प्लिटहून आठवडाभर शिडाच्या होडीने फिरताना रोजची मरिना (होड्या लावायचं बंदर) आधीच बुक करावी का?

नाही, रोजची नको. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर ह्वार बेटासमोरची पाल्मिझाना मरिना आणि कोर्चुला बेटावरची मरिना या दोनच ठिकाणी आधी जागा धरा, बाकी रात्री मोकळ्या ठेवा. दोनदा त्याच किनाऱ्यावर भाड्याच्या होडीने फिरलो आहे, त्यावरून सांगतो. तिथे बेत वारा ठरवतो. ईशान्येकडून ‘बुरा’ नावाचा वारा सुटला की व्हिस बेटावरच्या व्हिस गावच्या धक्क्यावर रात्रभर होडी हिंदकळते, कारण ती खाडी त्याच दिशेला उघडी आहे. आगाऊ पैसे भरलेत म्हणून तिकडेच जायचा मोह मग महागात पडतो. स्प्लिट ते पाल्मिझाना साधारण 25 सागरी मैल, म्हणजे 5 नॉटने (ताशी 5 सागरी मैल) पाच तास. सकाळी लवकर निघा आणि दुपारी तीनच्या आत पोहोचा. नंतर जागेसाठी नुसती घिरट्या घालायची वेळ येते. मात्र शेवटची रात्र तुमच्या हातात नसते: होडी बहुधा शुक्रवारी संध्याकाळीच मूळ मरिनात परत आणावी लागते, तो करार आधी वाचा.