वाचक विचारतात : चढायचं नाही, नुसतं चालायचंय, खान्देशात जायचं कुठे?

मागच्या वेळी सातपुड्यातल्या चढाईच्या वाटांवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी "आम्हाला नाही बुवा चढायचं" म्हणणाऱ्यांची. बरोबरच आहे, प्रत्येकाला कुठे गड सर करायचाय. म्हणून या वेळी सपाट वाटा, पाण्याकाठच्या, झाडाखालच्या, मनात आलं की कुठूनही मागे फिरता येईल अशा.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालो, वय 67, दोन्ही गुडघे कुरकुरतात. डॉक्टर म्हणतात रोज चाला, पण कॉलनीतल्या रोडवर चालून कंटाळा आला. मिसेसला पाणी बघायला आवडतं. तलावाकाठी सोपं काही आहे का?
— एक वाचक, भुसावळ

काका, जळगावचा मेहरूण तलाव हे पहिलं उत्तर, तुम्हालाही माहीतच असेल, पण तुम्ही तिथे बहुतेक गणपती विसर्जनाला गेला असाल आणि त्या गर्दीत तलाव कुठे दिसतो. एकदा डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला जा. काठची वाट सपाट आहे, फिरायला येणारे लोक असतात त्यामुळे एकटं वाटत नाही, आणि तेव्हाच मेहरूणच्या बोरांचा सीझन असतो, परत येताना पावशेर तरी घ्याच. (माझी आई बोरं आणायला पाठवायची आणि मी अर्धी रस्त्यातच संपवायचो, ते असो.)

मग हतनूर. तापीवरचं 41 दरवाजांचं धरण, तुमच्या घराजवळचंच. भिंतीवर चालायची कल्पना सोडा, ती फिरायची जागा नाही. जायचं असेल तर मागच्या अंगाला, चांगदेवला. तापी आणि पूर्णा तिथे मिळतात, जुनं दगडी देऊळ आहे, आणि समोर धरणाच्या फुगवट्याचं पाणी पसरलेलं दिसतं. थंडीत तिथे बाहेरून आलेली बदकं उतरतात, त्यातला नारिंगी अंगाचा चक्रवाक मिसेसना दुर्बिणीशिवायही ओळखता येईल.

आता महत्त्वाचं सांगतो. आपल्याकडे वाट सोपी की अवघड हे किलोमीटरवर नाही, घड्याळावर आणि महिन्यावर ठरतं. मी एकदा शहाणपणा करून एप्रिलात, तोही सकाळी दहाला, त्या फुगवट्याच्या काठी गेलो. पाणी आटून लांब गेलेलं, मधला गाळ वरून वाळलेला दिसत होता म्हणून सरळ चालत सुटलो, तर वीस पावलांवर चप्पल गाळात राहिली आणि मी पुढे, आणि डोक्यावर भुसावळचं ऊन म्हणजे तुम्हाला काय सांगायचं. तेव्हा दिवाळी ते होळी हाच सीझन धरा, नऊच्या आत घरी. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा नदीच्या अगदी कडेला उभं राहून फोटो काढायचे नाहीत, मिसेसनी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न : आमची मुलं 6 आणि 9 वर्षांची. रविवारी कुठे नेऊ म्हटलं की नवरा म्हणतो, "धुळ्यात काय शे?" आणि मग सगळे मोबाईल घेऊन बसतात. खरंच काही नाहीये का?
— एक वाचक, धुळे

ताई, "काय शे?" म्हणणारे प्रत्येक घरात एक असतातच. त्यांना आधी नकाणे तलावावर न्या. धुळ्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यात या तलावाचंही पाणी असतं, हे मुलांना तिथे उभं राहून सांगितलं की बघा कसे प्रश्न सुरू होतात, मग ते घरी कसं येतं, पाईप किती मोठा, मासे नळातून का येत नाहीत वगैरे. पाण्याचाच विषय निघालाय तर हेही सांगा की मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये सरकारी नोकरीला लागले ते इकडेच, आणि सुरुवातीच्याच कामांत पांझरा नदीवर पाईपाचा सायफन, म्हणजे नदी ओलांडून पाणी पलीकडे नेणारा पाईप, टाकायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. भर पावसाळ्यात. नदीला पूर यायचा आणि केलेलं काम गाळात जायचं. तो पोरगा तेव्हा तेवीस वर्षांचा.

दुसऱ्या रविवारी लळिंग. किल्ला नाही हं, किल्ला चढावा लागतो, मुलं वर पोचतील आणि तुम्ही खाली बसाल. मी म्हणतोय खालचं लळिंग कुरण आणि त्यातला लांडोर बंगला. मुंबई-आग्रा हायवेला लागूनच आहे, गवत आणि विरळ झाडी, पावसाळ्यानंतर हिरवं आणि थंडीत सगळं पिवळं होतं, मला ते पिवळंच जास्त आवडतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात मुक्कामाला होते, त्या आठवणीसाठी दर 31 जुलैला तिथे मोठी गर्दी जमते. त्या दिवशी शांत फिरणं होणार नाही, पण मुलांना ते बघायलाही न्यायला हरकत नाही.

आणि साक्रीकडे कुणी नातेवाईक असतील तर सरळ त्यांच्या शेतावर जा, मी मनापासून सांगतोय. पांझरेवर फड पद्धत आहे, म्हणजे नदीवर छोटा बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि गावच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या, नियम गावाचेच. शेकडो वर्षं असं चाललेलं आहे, बऱ्याच ठिकाणी आता मोडलंय पण जिथे पाट वाहतो तिथे त्याच्या कडेने चालण्यासारखं सुख नाही, कारण पाणी उतारावरून वाहत असलं तरी उतार इतका हळू असतो की तुम्हाला वाट सपाटच वाटते. फक्त विचारून जा, ती लोकांची शेती आहे. आणि मुलांनी कागदी होडी सोडली तर ती पुढे कुणाच्या उसात जाऊन अडकते ते बघायला तुम्हाला मागे पळावं लागेल, तेवढाच तुमचाही व्यायाम.

प्रश्न : मी मूळची अमळनेरची, आता पुण्यात. इथे ऑफिसमध्ये सगळे मुघल गार्डनबद्दल बोलतात, काश्मीर, दिल्ली. आपल्या खान्देशात एकही ऐतिहासिक बाग नाही याचं वाईट वाटतं.
— एक वाचक, पुणे

कोण म्हणतं नाही? आहे, फक्त ती आता मध्य प्रदेशात मोजली जाते. बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांचं शहर, खान्देशची राजधानी, अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि मुलाच्या, दानियालच्या, नावावरून खान्देशचं नाव दानदेश ठेवलं. टिकलं नाही ते, आपण खान्देशीच राहिलो. तिथे शाही किल्ल्याच्या समोर, तापीच्या पलीकडच्या काठाला, जैनाबादला आहुखाना आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण, हरणं पाळलेली शाही बाग होती ती. 1631 मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली, तेव्हा तिला आधी याच बागेत ठेवलं होतं, सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल नंतरचा. म्हणजे ऑफिसमध्ये कुणी ताजचा विषय काढला की तुम्ही काय सांगायचं ते ठरलं.

आता खरं सांगतो, कारंजी, फुलांचे ताटवे असलं डोक्यात घेऊन जाल तर निराश व्हाल. पडकी बांधकामं आहेत, आणि बाग होती एवढं समजून घ्यावं लागतं. पण वारा असतो, आणि नदीपलीकडे किल्ला दिसतो, तेवढ्यासाठी मी दोनदा गेलोय. त्याच दिवशी कुंडी भंडारा बघा, 1615 च्या सुमारास जमिनीखालून बोगदे काढून सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी पंपाशिवाय शहरात आणलं, त्याची विहिरींची रांग वरून चालत बघता येते. भुसावळहून सकाळची गाडी पकडा, संध्याकाळी परत. जिलेबी खाल्ल्याशिवाय येऊ नका, बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी वेगळीच.

प्रश्न : आमचा बचत गटाचा दहा-बारा जणींचा ग्रुप आहे, पाटणादेवीला जायचंय, पण दर्शन घेऊन डबा खाऊन परत असं नको. जंगलात थोडं चालता येईल का? बिबट्याची भीती वाटते.
— एक वाचक, चाळीसगाव

चालता येईल. देवळाच्या आसपासची वाट सोपी आहे, वाटेत हेमाडपंती महादेवाचं देऊळ लागतं, तिथे थांबा. केदारकुंडाकडे जाताना मात्र दगडांवरून पाय टाकावे लागतात, ज्यांना जमेल त्यांनीच जावं, बाकीच्यांनी झाडाखाली गप्पा माराव्यात, त्यात कमीपणा नाही. पाटणच्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, साधारण 1207 सालची गोष्ट. या जंगलात तेव्हा गणिताचा क्लास चालायचा!

बिबट्या आहे, गौताळा अभयारण्य आहे ते, 1986 पासून. पण दहा-बारा जणी बोलत चालल्या तर तोच लांब जाईल. उन्हं उतरायच्या आत बाहेर पडा. माकडांची काळजी मात्र करा, भरीत-कळण्याच्या भाकरीचा डबा उघडा ठेवला की गेलाच.

प्रश्न : आईला (वय 76) तोरणमाळ दाखवायचंय. झेपेल का?
— एक वाचक, शहादा

झेपेल, कारण वर पोचलं की सपाटी आहे. यशवंत तलावाच्या काठी हवं तेवढं चाला, सीताखाईपर्यंत गाडीने जा आणि कड्यापासून लांब उभं राहून बघा. महाशिवरात्रीची यात्रा टाळा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. त्रास होईल तो घाटाच्या वळणांचा, म्हणून आईंना पुढच्या सीटवर बसवा, पोटभर खायला देऊ नका, खिशात आवळासुपारी ठेवा. आणि स्वेटर, शहाद्यात कितीही उकडत असलं तरी.