ऊस वाढला आणि नोड गप्प झाला

प्रश्न : विहिरीच्या पाण्याची पातळी मोजणारा लोरा नोड (कमी विजेत दूरवर रेडिओ संदेश पाठवणारे यंत्र) मळ्यात बसवला आहे. ते संदेश पकडणारा गेटवे अडीच किलोमीटरवर, घराच्या गच्चीवर. ऊस कमरेइतका होता तोवर सगळ्या नोंदी यायच्या. आता ऊस डोक्यावर गेलाय आणि निम्म्या नोंदी गळतात. पहाटे तर फारच. स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती सावकाश आणि लांब पल्ल्याने पाठवायचा तो आकडा) ७ वरून १२ करू का? (एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली)

उत्तर : एवढ्यात नको. आधी अँटेना उसाच्या वर काढा. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पाल्यात शोषल्या जातात, आणि पहाटे त्यावर दवही असते. थेट १२ वर गेलात तर दहा बाइटचा संदेश सुमारे ६२ मिलिसेकंदांऐवजी दीड सेकंद हवेत राहील. प्रत्येक संदेशाला बॅटरीचा खर्च चोवीस पटींच्या घरात जातो, शिवाय आसपासच्या नोडशी टक्कर वाढते.

पाच-सहा मीटरचा जीआय पाइप उभा करा. बरेच जण डबा खाली ठेवून अँटेनाची केबल वर नेतात आणि कमावलेली उंची तिथेच घालवतात : बारीक आरजी-१७४ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. त्यापेक्षा डबाच वर बांधा आणि सेन्सरची वायर खाली सोडा. सेन्सर ४-२० मिलिअँपिअर किंवा आरएस-४८५ प्रकारच्या सिग्नलचा असेल तर एवढ्या लांबीने काही बिघडत नाही. अँटेना पाइपाच्या टोकाच्या वर राहू द्या, पाइपाला चिकटून नको. केबल ग्लँड (वायर आत जाते तिथले पाणी अडवणारे बूच) डब्याच्या तळाशीच हवे, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत शिरलेच म्हणून समजा. आणि अँटेना जोडल्याशिवाय नोड कधीही चालू करू नका. ट्रान्समीटर जळू शकतो.

मग गेटवेवर एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, ते डेसिबलमध्ये) बघा. फॅक्टर ७ ला उणे ७.५ डेसिबलपर्यंत संदेश वाचता येतो, पुढच्या प्रत्येक पायरीला आणखी २.५ खालपर्यंत. आकडा उणे ५ च्या आसपास घुटमळत असेल तर ९ पुरेल.

प्रश्न : नोडचा १८६५० लिथियम सेल वर्षभर पुरेल असे वाटले होते, दहा दिवसांत उतरला. (एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : रेडिओपेक्षा बोर्डावर संशय घ्या. सतत पेटणारा एलईडी, यूएसबी चिप आणि रेग्युलेटर मिळून १० मिलिअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास जातात. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल अकरा दिवसांत संपणारच. सेलच्या वायरमध्ये मल्टिमीटर लावून झोपेतला (दोन मोजण्यांमधला) करंट मोजा. मायक्रोअँपिअर रेंजवर नोड सुरूच होत नसेल, तर मीटरची दोन्ही टोके वायरने जोडून ठेवा आणि नोड झोपल्यावर ती वायर काढा. एलईडी काढून टाका, सेन्सरचा पुरवठा मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) फक्त मोजणीपुरता चालू ठेवा.

प्रश्न : लोरा नोडला सिमकार्ड किंवा परवाना लागतो का?

उत्तर : नोडला सिम लागत नाही, गेटवेला मात्र इंटरनेट हवे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा ठरलेल्या शक्तीमर्यादेत परवानामुक्त आहे. या पट्ट्याबाहेरचे ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.