गुरूपेक्षा मोठ्या ग्रहांवर कधी राहता येईल का?

वरच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न दडलेले आहेत. सूर्यमालेबाहेर गुरूएवढे किंवा त्याहून मोठे ग्रह सापडताहेत, त्यांवर राहता येईल का, हा पहिला. आज ओसाड असलेले ग्रह पुढेमागे राहण्याजोगे होतील का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही', आणि पुढेही नाहीच. दुसऱ्याचं 'हो', पण बहुधा आपल्यासाठी नव्हे.

गुरूसारख्या ग्रहावर पाय टेकायला जमीनच नाही. नासाच्या गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी 7 डिसेंबर 1995 रोजी गुरूच्या वातावरणात शिरली आणि जेमतेम 58 मिनिटं माहिती पाठवत राहिली. शेवटी तिच्याभोवतीचा दाब आपल्याकडच्या हवेच्या सुमारे 22 पट झाला होता आणि तापमान दीडशे अंशांच्या आसपास पोचलं होतं. तोवर ती दीडेकशे किलोमीटर खाली गेली होती. गुरूची त्रिज्या जवळपास 70 हजार किलोमीटर आहे! त्याच्याहून मोठ्या ग्रहांवर हे सगळं आणखी वाईटच असणार.

शिवाय असे ग्रह बऱ्याचदा भलत्याच जागी सापडतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी 51 पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला. पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांजवळ, गावाकडच्या काळोख्या आकाशात हा तारा नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसतो. त्याचा ग्रह वजनाला गुरूच्या निम्मा, पण ताऱ्याला इतका चिकटलेला की त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांत संपतं. या शोधासाठी दोघांना 2019 चं नोबेल मिळालं. आपल्याकडेही माउंट अबूच्या दुर्बिणीवरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने असे ग्रह शोधले आहेत. 2023 मध्ये जाहीर झालेला त्यांचा एक ग्रह तर गुरूच्या 13 पट वजनाचा आहे. आणखी थोडा जड असता तर त्याला ग्रह म्हणायचं की फसलेला तारा, यावर वाद घालावा लागला असता. या 'उष्ण गुरूं'चा विषय इथेच सोडू. ते फक्त तापलेले आहेत.

मला स्वतःला खरी गंमत वाटते ती ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर, म्हणजे पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात फिरणाऱ्या महाकाय ग्रहांची. एचडी 28185 या ताऱ्याभोवती असा एक ग्रह आहे. वजन गुरूच्या निदान साडेपाच-सहा पट, आणि वर्ष सुमारे 385 दिवसांचं, म्हणजे जवळजवळ आपल्याच वर्षाएवढं. त्या ग्रहावर काही होणार नाही, पण त्याला चंद्र असतील तर?

इथे थोडा हिशेब करता येतो. गुरूच्या सगळ्या चंद्रांचं एकत्र वजन गुरूच्या सुमारे पाच हजारांश भरतं. शनीच्या चंद्रांचं शनीच्या चार हजारांश, युरेनसच्या चंद्रांचं युरेनसच्या दहा हजारांश. तीन वेगळ्या ग्रहांचं प्रमाण इतकं जवळ यावं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आता यातलं सगळ्यात कंजूष, दहा हजारांशाचं प्रमाण एचडी 28185 च्या ग्रहाला लावा. चंद्रांसाठी पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त ऐवज निघतो. तो एकाच चंद्रात गेला, तर मंगळापेक्षा दांडगा चंद्र होईल. आणि एकाच चंद्रात जाणं काही अशक्य नाही, शनीच्या चंद्रांचं 96 टक्के वजन एकट्या टायटनमध्ये आहे. मंगळाला स्वतःची हवा धरून ठेवता आली नाही हे खरं, पण अशा चंद्राची बाजू त्याच्यापेक्षा थोडी बरी. लोखंडी तार पुन्हापुन्हा वाकवली की तापते, तसा मोठ्या ग्रहाच्या ओढाताणीने चंद्र आतून तापत राहतो. गुरूच्या आयो या चंद्रावरचे ज्वालामुखी त्यामुळेच पेटलेले आहेत. नाण्याची दुसरी बाजू म्हणजे किरणोत्सर्ग. गुरूच्या युरोपा चंद्रावर उघड्यावर थांबलेल्या माणसाला एका दिवसात प्राणघातक मात्रा मिळेल. म्हणजे चंद्र ग्रहापासून पुरेसा लांबही हवा.

हे सगळं कागदावर आहे, हे मात्र विसरू नका. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाभोवतीचा एकही चंद्र अजून पक्का सिद्ध झालेला नाही. केप्लर-1625 बी या ग्रहाच्या चंद्राचा दावा 2018 मध्ये गाजला, पण पुढे त्यावर जोरदार आक्षेप आले.

आता 'होतील का' याकडे. एखादी जागा राहण्याजोगी आहे की नाही, हे बरंचसं तिच्या ताऱ्याच्या वयावर ठरतं. सूर्य दर अब्ज वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी प्रखर होतो आहे. आणखी अब्जभर वर्षांत पृथ्वीवरचे समुद्रच धोक्यात येतील. उलट पाचेक अब्ज वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, तेव्हा उष्णता शनीपर्यंत पोचेल. आज टायटनवर उणे 179 अंश तापमान आहे, हवा मुख्यतः नायट्रोजनची आणि आपल्यापेक्षा दीडपट दाबाची, तळी मिथेनची. लॉरेन्झ, लुनाइन आणि मॅके या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये गणित मांडलं होतं की त्या काळात टायटनवर पाणी आणि अमोनियाचं मिश्रण कोट्यवधी वर्षं द्रवरूपात राहू शकेल. तापमान तरीही उणे 70 च्या आसपास. राहण्याजोगं म्हणताना शास्त्रज्ञांना एवढंच पुरतं, म्हणून बातम्यांतला 'वसतियोग्य' शब्द वाचून घरं बांधायला निघू नये.

मंगळ माणसाने मुद्दाम उबदार करावा ही कल्पना लोकप्रिय आहे. मला ती पटत नाही. 2018 मध्ये जेकोस्की आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी मंगळावर हाताशी येण्याजोग्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूचा, हिशेब केला आणि आजच्या तंत्रज्ञानाने तो पुरणार नाही असा निष्कर्ष काढला.

सगळ्यात जवळची बातमी अल्फा सेंटॉरीची, आपण ज्याला मित्र तारा म्हणतो. मे महिन्यात रात्री महाराष्ट्रातून तो दक्षिण क्षितिजावर अगदी खाली दिसतो. जेम्स वेब दुर्बिणीला ऑगस्ट 2024 मध्ये या जोडताऱ्यातल्या मोठ्या ताऱ्याजवळ, नेमक्या त्या बेताच्या पट्ट्यात, शनीएवढ्या वजनाच्या ग्रहाची चाहूल लागली. नंतरच्या दोन निरीक्षणांत तो दिसला नाही. कक्षेत फिरत तो ताऱ्याच्या फार जवळ गेला असेल, असं संशोधकांचं म्हणणं आहे. तेव्हा तो अजून उमेदवारच आहे. खरा ठरला आणि त्याला मोठा चंद्र निघाला, तरी व्हॉयेजर-1 यानाच्या वेगाने तिथे पोचायला 75 हजार वर्षांच्या वर लागतील.

त्यापेक्षा घरच्या महाकाय ग्रहांचे चंद्र आधी बघून घ्यावेत. नासाचं युरोपा क्लिपर यान 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल, युरोपीय अंतराळ संस्थेचं जूस यान 2031 मध्ये, आणि टायटनवर उडणारं ड्रॅगनफ्लाय 2034 मध्ये उतरवायचा बेत आहे.